लक्ष नसतानाच्या वस्तू

लहान मुलांच्या सामानाच्या खोक्यांवर ज्या आया छापलेल्या असतात त्या राहतात तरी कुठे, हे मला एकदा बघून यायचं आहे. त्यांच्या घरातला सोफा पांढराशुभ्र असतो. त्यावर बाळ बसलेलं असतं आणि तरीही तो पांढराशुभ्रच असतो. बाईंचे केस नुकतेच धुतलेले, कपड्यांना इस्त्री, आणि नजर बाळावर अशी खिळलेली, की त्या घरात दूध कधी उतू जात नसावं, कुरिअरवाला बेल वाजवत नसावा आणि कामाच्या मावशी न सांगता दांडी मारत नसाव्यात. खोकं उलटं केलं की मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'मोठ्यांच्या सतत देखरेखीखालीच वापरावे.'

आता सतत देखरेख करायला घरात कोणी मोकळं असतं, तर एवढे पैसे मोजून ही वस्तू मी आणली असती कशाला?

डोंबिवलीतल्या आमच्या घरात सकाळी सात ते साडेआठ या वेळात देखरेख म्हणून काही शिल्लकच नसते. माझा एक हात कणकेत असतो, दुसऱ्या हाताच्या कोपराने मी शाळेचा मेसेज वर सरकवत असते. थोरल्याचा एक मोजा सापडत नाही, त्याची व्हॅन खाली हॉर्न देते आहे. नवरा 'माझं पाकीट कुणी बघितलं का' हा रोजचा प्रश्न सगळ्या खोल्यांना उद्देशून विचारतो आहे, आणि दोन वर्षांची धाकटी सिंकखालच्या कपाटाशी काहीतरी संशोधन करते आहे. असल्या संसारात वस्तू वापरून, मोडून, माळ्यावर टाकून माझं एक ठाम मत झालं आहे. आईबापांचं लक्ष आहे असं धरून केलेली वस्तू टिकत नाही. आईबाप दमलेले आहेत, त्यांचा एक हात खरकटा आहे आणि चष्मा सापडत नाही, असं धरून जी केली आहे तीच कामाला येते. बाकीच्या शोभेच्या.

या कसोटीवर पहिला मान मी औषधाच्या बाटलीच्या झाकणाला देईन. तेच ते, दाबून फिरवायचं झाकण, ज्याच्यावर बाण काढलेले असतात आणि तरीही पदवीधर माणसं ज्याच्याशी झटापट करतात. कॅनडातल्या विंडसर शहरात आंरी ब्रो नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. तिथल्या रुग्णालयातलं विषबाधा केंद्रही तेच बघत. गोळ्यांना खाऊ समजून मूठभर गिळलेली मुलं त्यांच्यापुढे येत राहिली. 'मुलांकडे लक्ष ठेवा' असं आईबापांना सांगणं हा जगातला सगळ्यात स्वस्त उपाय, पण डॉक्टर त्यावर विसंबले नाहीत. ते झाकणाच्या मागे लागले. १९६७ मध्ये तळव्याने दाबून फिरवायचं झाकण निघालं आणि त्या भागातल्या मुलांच्या विषबाधा ९१ टक्क्यांनी कमी झाल्या. तीन वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेने अशा वेष्टनांसाठी कायदाच केला.

मला खरा रस आहे तो या झाकणांच्या परीक्षेत. अमेरिकेत ही परीक्षा घेणारे असतात ४२ ते ५१ महिन्यांचे परीक्षक. दोघादोघांच्या जोड्या करून त्यांना बसवतात, हातात बाटली देतात आणि म्हणतात, उघडा. पाच मिनिटं जातात. मग मोठं माणूस एकदा बाटली उघडून दाखवतं आणि मुलांना सांगितलं जातं की हवे असतील तर दातही लावा. पुन्हा पाच मिनिटं. एवढं होऊनही शंभरातल्या निदान ऐंशी मुलांना ती उघडता आली नाही, तर झाकण पास. 'दात लाव' असं मुलाला मोठ्या माणसाने स्वतःहून सांगितल्याचं मी दुसरीकडे कुठेही ऐकलेलं नाही. याच झाकणाला आणखी एक पेपर द्यावा लागतो, त्याचे परीक्षक ५० ते ७० वर्षांचे. त्यांच्यातल्या नव्वद टक्क्यांना मात्र ते उघडता आलंच पाहिजे. म्हणजे नातवाला उघडू नये आणि आजोबांना उघडावं, अशी ही दुहेरी अट.

आमचे नाना, म्हणजे सासरे, पंचाहत्तरीचे आहेत. ते या परीक्षेच्या अभ्यासक्रमातच बसत नाहीत. न्यू जर्सीची नणंद त्यांना व्हिटॅमिनच्या बाटल्या पाठवते आणि त्या बाटल्यांशी त्यांचं रोज सकाळी युद्ध होतं. आधी ते झाकण नुसतंच फिरवतात. ते टकटक आवाज करत गोल गोल फिरतं. मग ते नुसतंच दाबतात. मग 'तुमची अमेरिका' असं म्हणून, जणू अमेरिका माझ्या माहेरची आहे, थोरल्याला हाक मारतात. थोरला सात वर्षांचा. तो 'टक्' करून उघडून देतो. धाकटी शेजारी उभी राहून बघते. परीक्षेत प्रात्यक्षिक एकदाच दाखवतात, आमच्याकडे रोज.

शेवटी नानांनी यावर उपाय काढला. औषधाच्या दुकानातून त्यांनी सात खणांची ती डबी आणली, सोमवार ते रविवार अशी अक्षरं असलेली. रविवारी रात्री चष्मा लावून ते सात दिवसांच्या गोळ्या खणांत लावतात. फार देखणं काम असतं ते, मुनीमजी वह्या लिहायला बसल्यागत. पण डबीचं झाकण नखानेसुद्धा उघडतं. बाटलीत कुलूपबंद असलेली गोळी आता सात खिडक्यांतून बाहेर डोकावते आहे. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की नीटनेटकेपणा आणि सुरक्षितता या दोन सवती आहेत. सगळं हाताशी, दिसेलसं आणि खणाखणांत लावलेलं असलं की घर व्यवस्थित म्हणतात. सगळं उंच, बंद आणि न सापडणारं असलं की घर सुरक्षित. आमच्याकडे सध्या गोळ्यांची डबी देवघराच्या वरच्या फळीवर असते आणि नाना तिला शोधत असतात.

दोन्ही सवतींना नांदवणारी एकच वस्तू मला ठाऊक आहे. सेफ्टी पिन. अमेरिकेतल्या वॉल्टर हंट या गृहस्थांनी १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि म्हणे एक छोटंसं कर्ज फेडायचं होतं म्हणून ते चारशे डॉलरला विकून टाकलं. टोक झाकणारं टोपण आणि मागचं स्प्रिंगचं वेटोळं, एवढीच काय ती करामत. पण आपल्याकडच्या बायकांनी तिचं जे केलं ते हंटसाहेबांच्या स्वप्नातही नसेल. आमच्या सासूबाईंच्या बांगडीत कायम चार-पाच पिनांचा झुपका लटकत असतो. पदराला पिन, पिशवीचा बंद तुटला तर पिन, पायात काटा गेला तर पिन, नाडी ओवायला पिन. आणि आमच्या लहानपणी बालवाडीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या छातीवर पिनेने टाचलेला रुमाल असे. नाक पुसायची वस्तू नाकापासून वीतभर अंतरावर, हरवायची सोय नाही, आणि टोचायचीही नाही. मुलांच्या सामानाचं याहून शहाणं नियोजन मी अजून पाहिलेलं नाही.

विजेच्या सॉकेटमध्ये जी छोटी पापणी असते, तिच्यामागे एक बाईच आहेत हे कळलं तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये घरांतल्या विजेच्या जोडण्या कशा असाव्यात हे ठरवायला समिती बसली. तिच्यात बाई एकच, कॅरोलीन हॅस्लेट. लहान मुलांच्या बोटांना धोका होऊ नये म्हणून सॉकेटच्या भोकांना आतून पडदा हवा, ही गोष्ट त्यांनी लावून धरली आणि १९४७ च्या ब्रिटिश मानकात ती आली. प्लगची वरची, अर्थिंगची पिन बाकी दोघींपेक्षा लांब असते. ती आधी आत शिरते आणि पडदा उचलते, मग खालच्यांना वाट मिळते. मुलाने खालच्या भोकात चमचा घातला तर तो पडद्यावर आपटतो. आईचं लक्ष आहे की नाही, हा प्रश्नच त्यात येत नाही.

आम्हीही घराचं वायरिंग नव्याने केलं तेव्हा पडद्याची सॉकेटं बसवून घेतली. आठवडाभरात नवऱ्याच्या लक्षात आलं की दोन पिनांचा चार्जर त्यात जात नाही. इंजिनियर माणूस. त्याने अर्थिंगच्या भोकात बॉलपेनचं टोपण खुपसलं, पडदा उचलला आणि चार्जर ढकलला. धाकटी तिथेही शेजारी होतीच. आमच्याकडे सुरक्षेच्या प्रत्येक साधनाचं वर्म मुलांना घरातलीच मोठी माणसं दाखवतात. पेनची सगळी टोपणं आता टीव्हीच्या कपाटावर, आणि टोपणावरून आठवलं : पेनच्या टोपणाला टोकाशी भोक ठेवलेलं असतं ते काही शाई वाळू नये म्हणून नाही. कुणी गिळलं आणि घशात अडकलं, तर निदान श्वासापुरती वाट राहावी म्हणून. टोपण चावणं कुणी सोडणार नाही, हे धरूनच ते केलेलं आहे. मला असली निराशावादी माणसं फार आवडतात.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या सावंतवाडीच्या. चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांच्या दुकानांसमोरून शाळेत गेलेल्या. थोरला रांगायला लागला तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी त्याला वॉकर भेट दिला. गोल, रंगीत, मधे कापडी बैठक, समोर पियानो. आई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, ह्यात पोर चालतंय कुठे? बसलंय आणि धावतंय." त्यांनी पांगुळगाडा मागवून घेतला. तीन चाकं, धरायला आडवा दांडा, आणि मुलाने स्वतःच्या पायांवर उभं राहायचं. पाय थांबले की गाडा थांबला. वॉकरचं तसं नसतं. त्यात बसलेलं बाळ एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर कापू शकतं, म्हणजे 'अरे अरे' म्हणेपर्यंत ते जिन्याशी. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरवर सरसकट बंदी घातली. नवा विकायला तर नाहीच, घरातला जुना विकायलाही. मी हे आईंना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि कॅनडाला फार उशिरा कळलं असं काहीसं पुटपुटल्या.

त्यांच्याकडच्या सगळ्याच वस्तू या जातीच्या. दाराच्या चौकटीत आडवा टाकलेला पाट म्हणजे त्यांचं बेबी गेट. मोठी माणसं ठेचकाळतात हा त्यातला दोष, पण रांगणारं मूल थांबतं. धाकटीच्या पायात घुंगरांचे वाळे त्यांनी घातले ते मला आधी नुसती हौस वाटली होती. मग कळलं की पोळ्या लाटताना त्यांची पाठ मुलीकडे असते आणि कान तिच्या मागे फिरत असतात. छुमछुम बाल्कनीकडे गेली की आई मान न वळवता "इकडे ये" म्हणतात. पाऊल टाकलं की चुईं वाजणारे बूट हे त्याचंच पुढचं रूप. बिल्डिंगमधल्या एका घरात मुलाच्या मनगटावर जागा दाखवणारं घड्याळ आहे, ते मूल कुठे आहे हे घड्याळ उत्तम सांगतं. फक्त त्याला रोज रात्री चार्जिंगला लावायची आठवण कुणीतरी ठेवावी लागते. वाळ्यांना ती भानगड नाही.

मात्र जुनं तेवढं सोनं असं मी म्हणणार नाही. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला एक छोटं नळकांडं असतं, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं, लहान मुलाच्या घशाच्या मापाने केलेलं. जी वस्तू त्यात पुरती मावते ती त्या वयाच्या मुलाला द्यायची नाही. आईंच्या लाकडी पेटीतले सागरगोटे, गोट्या, चिंचोके, कवड्या यांतलं काहीही या परीक्षेत पास होत नाही. पेटी आता नानांच्या डबीशेजारी आहे. देवघराची वरची फळी हळूहळू वाकायला लागली आहे.

आणि नव्यातही विंचू असतात. धाकटी चालायला लागली त्या दिवाळीत घरात तेलाच्या पणत्या नकोत असं ठरलं. फ्रॉक, ज्योत, नको ते. म्हणून बॅटरीवरच्या पणत्या आल्या. दिसायला गोड, वाऱ्याने न विझणाऱ्या, हातात घेतल्या तरी न भाजणाऱ्या. पण त्या उलट्या केल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. तळाचं झाकण नखाने निघत होतं आणि आत बटणाएवढा चपटा सेल. हा सेल घशात अडकला तर लाळेच्या संगतीने त्याची विजेची करामत चालू होते आणि दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. तेव्हा वाट बघत बसायचं नसतं, लगेच दवाखाना गाठायचा. चांगल्या खेळण्यांमध्ये सेलच्या झाकणाला स्क्रू असतो, आपण त्या स्क्रूला शिव्या घालतो, पण तो त्याचसाठी. त्या दिवाळीत आमच्याकडे पुन्हा तेलाच्या पणत्या लागल्या, पण खिडकीच्या वरच्या कट्ट्यावर, जिथे त्या बाहेरून फक्त घारींना दिसल्या.

काही कंपन्या आता या सेलना कडू लेप देतात. डेनॅटोनियम नावाचा पदार्थ, १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये भूल देण्याच्या औषधावर काम चालू असताना सापडलेला. जगातल्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते. जिभेला लागला की मूल थुंकतं. ही युक्ती आईंना नवी नव्हती. माझा नवरा लहानपणी अंगठा चोखायचा, तेव्हा त्यांनी कडुनिंबाचा पाला वाटून त्याच्या अंगठ्याला लावला होता. "मग सुटलं का चोखणं?" मी विचारलं. "कुठलं," त्या म्हणाल्या. "त्याला कडू आवडायला लागलं." तो अजून कारल्याची भाजी मिटक्या मारत खातो. तेव्हा कुठलाही लेप काढणाऱ्यांनी माझ्या नवऱ्यासारखी मुलंही जमेस धरावीत.

पण लक्ष नसताना राखण करणाऱ्या वस्तूंमधली सगळ्यात थोर वस्तू आपल्याला दिसतही नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. आपण 'गॅसचा वास' म्हणतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, सडक्या कोबीच्या जातीचा. १९३७ मध्ये १८ मार्चला अमेरिकेत टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत इमारतीखाली नैसर्गिक वायू साचला होता आणि कुणालाही कळलं नव्हतं, कारण कळायला काही नव्हतंच. स्फोटात जवळजवळ तीनशे जीव गेले, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत टेक्ससमध्ये वायूला वास लावण्याचा कायदा झाला. कधी बर्नर नीट बंद न होता राहतो, मी फोनवर असते, आणि नाक मला ओढत ओट्याशी आणतं. त्या वासाला मी घाणेरडा म्हणत नाही. आई तर त्यावरही विसंबत नाहीत. रात्री झोपण्याआधी रेग्युलेटर फिरवून, त्यावर बोट ठेवून, "बंद आहे" असं मोठ्याने बोलल्याशिवाय त्या दिवा घालवत नाहीत.

स्कूटरचा विषय निघाला की मात्र आमच्या घरात तट पडतात. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि पट्ट्यांचं जाकीट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असा केंद्र सरकारचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. जाकीट मुलाच्या अंगात आणि त्याचे पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यांवर. नाना म्हणाले, यात नवीन काय, बायका ओढणीने बांधतातच की. बांधतात, रोज दिसतात, आणि ओढणीचं एक टोक चाकाशी फडफडतानाही दिसतं. सरकारने ओढणीचंच काम घेतलं, पण तिला बकल लावलं आणि तीस किलोपर्यंतचं वजन पेललं पाहिजे अशी अट घातली. मला ते पटतं. अडचण एवढीच की जाकीट अडकवेपर्यंत धाकटी हेल्मेट काढते आणि हेल्मेट घालेपर्यंत जाकिटातून एक हात बाहेर येतो. वेगाच्या अटीची काळजी आम्हाला नाही. आमच्या रस्त्यावर जुलै महिन्यात ताशी ४० ने जाऊन दाखवणाऱ्याचा सत्कारच करावा लागेल.

आता नियोजनाच्या वस्तू. इथे मी जरा कडक होणार आहे, कारण या वस्तूंनी आयांना जितकं छळलं आहे तितकं मुलांनीही नसेल. नवऱ्याने एकदा घरासाठी ॲप घेतलं. प्रत्येकाला एक रंग. नाना निळे, आई केशरी, मी जांभळी. लसीकरण, फी, विजेचं बिल, दात दाखवायची तारीख, सगळं त्यात भरायचं की ते आठवण करून देणार. पण भरायचं कुणी? जांभळीने. रात्री मुलं झोपली की मी दुसऱ्या दिवशी स्वतःलाच काय आठवण करून द्यायची हे लिहीत बसे. वेळ वाचावा म्हणून आणलेली वस्तू माझा झोपेतला पाऊण तास खाऊ लागली. काही दिवसांनी ते ॲपच मला 'तुम्ही बरेच दिवसांत आला नाहीत' असे हळवे निरोप पाठवू लागलं.

आमच्या भिंतीवर तोवर कालनिर्णय शांतपणे टांगलेलं होतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ते काढलं आणि मराठी घरांतला एक खिळा कायमचा आपल्या नावावर करून घेतला. ते बघायला कुणी मुद्दाम जात नाही. फ्रिज उघडायला, पाणी प्यायला, कुणावर तरी ओरडायला आपण तिथून जातोच. एकादशी, सिलिंडर लावल्याची तारीख, दूधवाल्याचे खाडे, मावशींच्या सुट्ट्या, थोरल्याची युनिट टेस्ट, सगळं आईंच्या बारीक पेन्सिलीत एकाच चौकोनात. पेन्सिल दोरीने खिळ्यालाच बांधलेली. पेन्सिल शोधावी लागली असती तर त्यातलं एकही अक्षर लिहिलं गेलं नसतं, ही गोष्ट त्या दोरीला कळली आहे आणि ॲपवाल्यांना कळायची आहे.

नावांच्या चिकटपट्ट्यांचंही तसंच. अंतराळवीराचं चित्र आणि थोरल्याचं नाव असलेल्या सुंदर पट्ट्या मागवल्या, त्या पहिल्याच घासणीत मावशींच्या हाती आल्या. शाळेत हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात पाण्याच्या एकसारख्या निळ्या बाटल्यांचा ढीग आणि त्याभोवती आया, हे दृश्य ज्यांनी पाहिलं आहे त्यांना जास्त सांगायला नको. आईंनी नवा स्टीलचा डबा घेतला आणि भांड्यांच्या दुकानातल्या माणसाकडून त्याच्यावर नाव कोरून आणलं. कर्रर्र असा आवाज करणारी ती छोटी मशीन अजून जिवंत आहे हे मलाही माहीत नव्हतं. घरातल्या जुन्या पातेल्यांवर कुणाच्या लग्नात कुणी दिलं हे तारखेसकट वाचता येतं. हा डबा दोनदा हरवला आणि दोन्ही वेळा परत आला. एकदा तर दुसऱ्याच शाळेतून.

आणि इतकं सगळं असूनही, रविवारी रात्री पावणेदहाला वर्गाच्या ग्रुपवर मेसेज येतोच. उद्या प्रत्येकाने एक कार्ड पेपर, गोंद आणि वाळलेली पानं आणावीत. पानं झाडाखाली मिळतात. कार्ड पेपरसाठी धावत शाळेच्या कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान गाठायचं. शटर अर्धं खाली असतं, पण दिवा चालू असतो, आणि बाहेर माझ्यासारख्याच गाऊनवर ओढणी घेतलेल्या दोघीतिघी.

"कितवी?" काका मान वर न करता विचारतात.

"दुसरी."

"तुकडी?"

"ब."

"मग पिवळा. हिरवा 'अ'ला आहे." गुंडाळी आधीच बांधून ठेवलेली असते. आत गोंदाची बाटलीसुद्धा.

"काका, मेसेज तर आत्ता आला."

"बाई शुक्रवारीच सांगून गेल्या की. मी तेव्हाच माल आणला." ते सुटे पैसे परत देतात, मग जरा थांबतात. "आणि ताई, गुरुवारी वेशभूषा आहे तुमच्याकडे. दाढी आत्ताच घेऊन ठेवा. बुधवारी रात्री आलात तर मिळणार नाही."

थोरला कोण होणार हे घरात अजून कुणी ठरवलेलं नाही. खरं तर वेशभूषा आहे हेच आम्हाला माहीत नाही.

"काळी द्या," मी म्हणते.

"काळ्या गेल्या. शिवाजी महाराजांच्या होत्या त्या, सकाळीच संपल्या. पांढरी आहे. पांढरी बरी पडते, ऋषी करा, टागोर करा, ऐन वेळेला काहीच सुचलं नाही तर नुसते आजोबा करा."

मी पांढरी दाढी घेते. मागच्या बाई म्हणतात, "काका, मलाही एक."